डावं मनगट

फुटबॉल पायांनी खेळतात, हे कुणीही सांगेल.
पण सोळा वर्षांखालच्या संघात घेताना
आधी डावं मनगट बघतात.
यंत्राखाली ठेवायचं, बोटं पसरून, हलायचं नाही.
हाडाच्या टोकाशी एक काळी रेघ असते.
उघडी असेल तर पोरगा अजून वाढतोय.
मिटली असेल तर घरी.

माझी मिटली होती.
पंधराव्या वर्षी, पुण्याच्या शिबिरात, शेवटच्या तीस जणांत.
मी डागा दवाखान्याचा जन्मदाखला काढून दाखवला,
घडीवर फाटलेला, आईनं चिकटपट्टी लावलेला.
साहेब वाईट माणूस नव्हता. पाणी दिलं, म्हणाला,
कागद काहीही बोलतो, बाळा. हाड खोटं बोलत नाही.
माझं बोललं.
रात्रीच्या गाडीनं इंदोऱ्याला परतलो,
आणि ग्राउंडवर माझं नाव पडलं, काका.
अबे काका, पास दे.
चार वर्षं देत राहिलो.

आता धंतोलीत एक्स-रे काढतो.
दिवसाला चाळीस-पन्नास: गुडघे, छात्या,
बाथरूमात पडलेल्या म्हाताऱ्यांचे खुबे.
श्वास रोखा, म्हणतो. सोडा, म्हणतो.
सुजातच्या चाचणीआधीच्या रविवारी
सेंटर बंद असताना त्याला मागच्या दारानं आत घेतलं.
"दादा, दुखते काय?"
"दुखत नाही बे. हालू नको."
पडद्यावर त्याचा हात उमटला,
गोट्यांसारखी ती बारकी हाडं,
आणि रेघ.
कापून टाकलेल्या नखाएवढी. उघडी.
मी बराच वेळ बघत राहिलो.
आनंद झाला, हे खरं.
तेवढंच झालं, असं नाही.

मे महिना. पारा पंचेचाळीसखाली यायला तयार नाही.
ताश्कंदची मॅच मोबाइलवर,
मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवलेला.
घरघरीत कॉमेंटरी ऐकू येईना
म्हणून कूलर बंद केला, आणि आठ जण घाम पुसत बसलो.
दोन गोल खाऊन झाले होते.
एकाहत्तराव्या मिनिटाला पाटी वर गेली, तीन नंबर आत.
"टिरपुडी," कॉमेंटेटर म्हणाला.
"तिरपुडे," आई मोबाइलला म्हणाली.
तो पुन्हा चुकला. तिनं पुन्हा सांगितलं.

देशासाठी त्याचा पहिला चेंडू पायाला लागलाच नाही.
थ्रो-इन होता.
दोन्ही हातांत चेंडू, डोक्यामागे,
मनगटं कॅमेऱ्याकडे.
नालीच्या काठावर मीच शिकवलेला हा थ्रो:
पाय जमिनीला, जोर पाठीतून, सोडायचा मनगटानं.
त्यानं मागचा पाय उचलला.
शिटी. चेंडू त्यांना.
"हे काय करून राहिला बे हा," शेजारचा रतन म्हणाला.
"कायची शिटी वाजवली?" आईनं विचारलं.
मी सांगितलं नाही.

दहा मिनिटांनी पुन्हा त्याच कडेला चेंडू बाहेर.
या वेळी त्यानं आधी बुटांकडे पाहिलं,
एक पाय, मग दुसरा, खुंटा ठोकावा तसा रोवला,
आणि फेकला. लांब.
गोलसमोरच्या गर्दीत कुणाच्या तरी केसांना लागून
चेंडू वरून गेला.
काही झालं नाही त्याचं.
दोन-शून्यच राहिलं.

रतननं कूलर सुरू केला.
आईनं बरणी आत नेऊन ठेवली.

रात्री दीडला मेसेज आला.
दादा, पाय उचलला गेला.
मग, थोड्या वेळानं,
पुढच्या साली पुन्हा हात बघतील काय?

लहानपणी आई आम्हाला दटावून निजवायची,
झोपेत पोरं वाढतात म्हणून.
"झोप आता," असं मी लिहिलं.
ते पुसलं.
"दुसरा थ्रो बरोबर होता," लिहिलं
आणि पाठवला.